वेड पांघरून न्यूयॉर्कला

मागच्या अंकात न्यूयॉर्कच्या पाच माफिया फॅमिलींवर (फॅमिली म्हणजे टोळी) लिहिताना "एक बॉस तर बाथरोब घालून रस्त्यानं बडबडत फिरायचा" असं एक वाक्य जाता जाता टाकलं होतं. झालं, ह्या वेळचे निम्म्याहून जास्त प्रश्न त्या बाथरोबवरच आलेत. त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात, आज फक्त हा एकच माणूस, विन्सेंट जिगांटे.

प्रश्न: तो बाथरोबवाला बॉस खरा होता का तुमची फेकाफेकी? आणि मुळात माणूस होता कोण?

खरा होता हो, शंभर टक्के. मॅनहॅटनमध्ये ग्रीनिच व्हिलेज म्हणून भाग आहे, तिथल्या सलिव्हन स्ट्रीटवर १९८० च्या दशकात कोणीही चक्कर मारली असती तरी दिसला असता. दाढी वाढलेली, पायजमा, वर जुनाट बाथरोब, पायात स्लिपर, कोणीतरी दंडाला धरून चालवतंय आणि हा स्वतःशीच पुटपुटतोय, मधेच थांबून पार्किंग मीटरशी गप्पा मारतोय. बघणाऱ्याला वाटणार, बिचारा, घरच्यांचे काय हाल होत असतील. आणि हा बिचारा त्या वेळी अमेरिकेतल्या सगळ्यात पैसेवाल्या माफिया फॅमिलीपैकी एकीचा, म्हणजे जेनोवीज फॅमिलीचा बॉस होता. त्याच रस्त्यावर २०८ नंबरला ट्रँगल नावाचा एक कळकट क्लब होता, तिथे पत्ते कुटत बसायचा आणि पत्त्यांच्या मधेच कोणाच्या तरी कानात दोन शब्द कुजबुजायचा, त्या दोन शब्दांवर कुठलं तरी कंत्राट हलायचं नाहीतर कोणाचा तरी जीव जायचा.

जन्म २९ मार्च १९२८, न्यूयॉर्कचाच. आईवडील इटलीतल्या नेपल्सहून आलेले, वडील घड्याळांच्या कामातले, आई शिवणकाम करायची. साधं कष्टाळू घर. त्याला सगळे 'चिन' म्हणायचे, आणि तो आधी बॉक्सर होता म्हणून लोकांना वाटतं हनुवटीवरून पडलं असणार, पण तसं नाहीये. आई विन्सेंझो ह्या नावाचं लाडानं जे काही करायची त्यातला 'चिन' गल्लीतल्या पोरांनी उचलला, तो आयुष्यभर चिकटला. बॉक्सिंग मात्र खरंच चांगलं करायचा, लाइट हेवीवेट गटात २५ लढती, त्यातल्या २१ जिंकल्या. पुढे व्हिटो जेनोवीजच्या हाताखाली गेला आणि रिंग सुटली.

प्रश्न: फ्रँक कॉस्टेलोवर गोळी झाडणारा हाच का? मग तेव्हाच आत कसा नाही गेला?

हाच. म्हणजे कोर्टात ते कधी सिद्ध झालं नाही हे आधी सांगतो, पण माफियाचा इतिहास लिहिणारे झाडून सगळे त्याचंच नाव घेतात.

किस्सा असा. कॉस्टेलो हा त्या वेळचा ह्याच फॅमिलीचा बॉस, त्याला 'अंडरवर्ल्डचा पंतप्रधान' म्हणायचे, कारण बंदुकीपेक्षा जज आणि राजकारणी खिशात ठेवण्यावर त्याचा भर. व्हिटो जेनोवीजला त्याची खुर्ची हवी होती. २ मे १९५७ च्या रात्री कॉस्टेलो सेंट्रल पार्क वेस्टवरच्या मॅजेस्टिक नावाच्या बिल्डिंगमध्ये घरी आला, लॉबीत शिरला, मागून एक धिप्पाड तरुण आला आणि म्हणाला, "फ्रँक, हे तुझ्यासाठी." आता मारायला आलास तर मार ना, हाक कशाला मारतोस! हाक ऐकून कॉस्टेलोनं मान वळवली आणि तेवढ्यानंच वाचला, गोळी डोक्यात न घुसता कातडीखालून कडेनं निघून गेली.

बिल्डिंगच्या दारवानानं जिगांटेला ओळखलं. पोलीस शोधायला लागले तर हा काही महिने गायब, आणि ऑगस्टमध्ये स्वतःहून हजर झाला. १९५८ मध्ये खटला उभा राहिला आणि कॉस्टेलोला साक्षीला बोलावलं. ज्याच्या डोक्याला गोळी चाटून गेली तो माणूस कोर्टात सांगतो की मला कोणी मारलं ते मी बघितलंच नाही. सुटला की मग जिगांटे! ह्याला ओमेर्ता म्हणतात, पोलिसांपुढे ब्र काढायचा नाही, अगदी स्वतःला मारणाऱ्याविरुद्धसुद्धा नाही.

ह्यात एक गंमत राहिलीच. हॉस्पिटलमध्ये कॉस्टेलोवर उपचार चालू असताना पोलिसांनी त्याचे खिसे तपासले तर एक चिठ्ठी मिळाली, त्यावर ६,५१,२८४ डॉलर असा आकडा. तपास करता करता कळलं की लास वेगासचा ट्रॉपिकाना कॅसिनो महिन्यापूर्वीच उघडलाय आणि त्याचा एप्रिलमधला गल्ला नेमका तेवढाच आहे. चिठ्ठीबद्दल कॉस्टेलो बोलायला तयार नाही, म्हणून कोर्टाचा अवमान केला ह्या नावाखाली आत कोण गेला, तर गोळी खाणारा. गोळी मारणारा घरी. कॉस्टेलोनं पुढे खुर्ची सोडली, जेनोवीज बॉस झाला आणि फॅमिलीला आजपर्यंत त्याचंच नाव आहे.

पण १९५९ मध्ये हेरॉइनच्या केसमध्ये गुरू आणि चेला दोघंही एकदमच अडकले. जेनोवीजला १५ वर्षं, जिगांटेला ७, त्यातली पाचेक काढून तो पॅरोलवर बाहेर आला. माझं आपलं मत असं की ह्या पाच वर्षांत त्यानं एकच गोष्ट डोक्यात पक्की केली, परत आत जायचं नाही, त्यासाठी वाट्टेल ते करावं लागलं तरी चालेल.

प्रश्न: वेडाचं सोंग घेऊन फायदा काय? वेडा असला तरी गुन्हा तो गुन्हाच ना?

इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. गुन्हा करताना माणूस वेडा होता म्हणून त्याला जबाबदार धरू नका, हा एक मुद्दा. जिगांटेचा मुद्दा तो नव्हताच. अमेरिकन कायद्यात दुसरी एक गोष्ट आहे, आरोपी आज खटला समजून घेण्याच्या अवस्थेत आहे का, आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला कळतं का, स्वतःच्या वकिलाला मदत करू शकतो का. ह्याचं उत्तर 'नाही' आलं तर खटला चालवताच येत नाही. म्हणजे त्यानं केलं का नाही केलं हा प्रश्नच पुढे सरकत नाही, सगळं दारातच अडून बसतं. आता ह्यातली हुशारी बघा, निर्दोष असल्याचा पुरावा द्यायची गरज नाही, साक्षीदार फोडायची गरज नाही, फक्त कायम वेडं दिसायचं.

पहिला प्रयोग १९६९ चा. न्यू जर्सीतल्या ओल्ड टॅपन ह्या छोट्या गावात त्याचं घर होतं, तिथल्या पोलिसांना पैसे चारून आपल्यावर कोण पाळत ठेवतंय ह्याच्या टिपा घेतल्याचा आरोप झाला. वकिलांनी मानसोपचारतज्ज्ञांचे रिपोर्ट समोर ठेवले, हा माणूस खटला चालवण्याच्या लायक नाही म्हणून, आणि केस बारगळली. एकदा नाणं चाललं म्हटल्यावर त्यानं ते पुढे तीस वर्षं चालवलं. अधूनमधून मानसोपचाराच्या हॉस्पिटलमध्ये भरती व्हायचं, वीसहून जास्त वेळा झाला, त्यामुळे फाइल आपोआप जाड होत गेली. एफबीआयवाले एकदा समन्स द्यायला घरी गेले तर हा बाथरूममध्ये नागडा, शॉवरखाली, डोक्यावर छत्री उघडून उभा. काय बोलणार त्याच्यापुढे!

आपल्याकडे वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात, पण पेडगावला जाऊन माणूस परत तरी येतो, हा गेला तो तिकडेच राहायला गेला.

प्रश्न: त्याचा सख्खा भाऊ पाद्री होता म्हणे?

हो, फादर लुईस जिगांटे. साउथ ब्रॉन्क्समध्ये जळक्या पडक्या इमारतींच्या जागी गरिबांसाठी घरं उभी करणारी संस्था त्यांनी चालवली, काही वर्षं न्यूयॉर्क सिटी काउन्सिलवर निवडूनही आले होते. भाऊ आजारी आहे, त्याला छळू नका, असं ते जाहीरपणे सांगत राहिले. आईचा किस्सा तर फेमस आहे, तुमचा मुलगा बॉस आहे म्हणतात असं कोणीतरी विचारलं तर म्हातारी म्हणाली म्हणे, कसला बॉस, संडासचा बॉस!

प्रश्न: एफबीआय एवढी हुशार, फोन टॅप करते, मायक्रोफोन लावते, मग ह्याला एवढी वर्षं कसं पकडता आलं नाही?

प्रश्न आवडला, कारण ह्या माणसाचं खरं डोकं इथे दिसतं. वेड हा झाला फक्त वरचा पापुद्रा. आत अजून दोन थर होते.

एक म्हणजे डमी बॉस. ईस्ट हार्लेममध्ये अँथनी सालेर्नो नावाचा जाड्या, तोंडात सिगार, टिपिकल माफिया वाटेल असा माणूस बसायचा, सगळ्यांना वाटायचं हाच जेनोवीज फॅमिलीचा बॉस. एफबीआयला वाटायचं, पेपरवाल्यांना वाटायचं, १९८६ मध्ये 'फॉर्च्युन' मासिकानं अमेरिकेतल्या बड्या माफियांची यादी छापली त्यात पहिल्या नंबरवर सालेर्नो. त्याच वर्षी पाच फॅमिलींच्या मुख्य लोकांवर जो गाजलेला 'कमिशन' (म्हणजे सगळ्या फॅमिलींच्या बॉसचं मंडळ) खटला झाला त्यात त्याला जेनोवीजचा बॉस म्हणून दोषी ठरवलं आणि १०० वर्षांची शिक्षा ठोकली. आणि खरा बॉस, जो १९८१ च्या आसपासपासून गादीवर होता, तो सलिव्हन स्ट्रीटवर बाथरोबची दोरी ओढत फिरतोय. नंतर सालेर्नोचाच उजवा हात विन्सेंट कफारो फुटला, त्यानं सांगितलं तेव्हा कुठे सरकारला कळलं की आपण दुकानदार समजून गल्ल्यावरच्या माणसालाच आत टाकलंय.

दुसरा थर म्हणजे नाव. त्याचं नाव घ्यायचंच नाही असा हुकूम. त्याच्याबद्दल बोलायचं झालं तर हनुवटीला हात लावायचा नाहीतर बोटांनी इंग्रजी 'सी' करून दाखवायचा, बस. मायक्रोफोनला हनुवटी ऐकू येते का? टेपवर तासन्‌तास बोलणं आहे आणि नेमकी कामाची जागा आली की शांतता. ही एवढी साधी युक्ती कोट्यवधी डॉलरच्या यंत्रणेला पुरून उरली, मला तर अजून हसू येतं. फोनवर धंद्याचं बोलणं बंद, आणि जे बोलायचं ते चालता चालता, कानात.

मात्र रात्री सोंग उतरायचं. मध्यरात्र झाली की गाडी त्याला अप्पर ईस्ट साइडला, ईस्ट ७७ व्या रस्त्यावरच्या एका टाउनहाउसला घेऊन जायची. तिथे त्याचा दुसरा संसार होता (बायकोचं आणि ह्या दुसऱ्या बाईचं नाव एकच, झोपेत बडबडला तरी भीती नाही). एजंट लोक समोरून नजर ठेवून होते, त्यांना खिडकीतून दिसायचं की हा चांगले कपडे घालून टेबलाशी बसलाय, वाचतोय, आलेल्या माणसांशी व्यवस्थित बोलतोय. सकाळ झाली की परत दाढीवाला वेडा गाडीतून उतरायला हजर.

प्रश्न: जॉन गोट्टी मोठा का हा मोठा? दोघांची दुश्मनी होती असं ऐकलंय.

पेपरात गोट्टी मोठा. महागडे सूट, केस सेट केलेले, कॅमेऱ्याकडे बघून हसणार, लोक टाळ्या वाजवणार. जिगांटेला हा सगळा प्रकार म्हणजे डोक्यात तिडीक. पण भांडण कपड्यांवरून नव्हतं. १६ डिसेंबर १९८५ ला गोट्टीनं स्वतःच्याच गॅम्बिनो फॅमिलीचा बॉस पॉल कॅस्टेलानो ह्याला मॅनहॅटनमध्ये एका स्टेकहाउसच्या दारात भर संध्याकाळी मारून टाकलं आणि स्वतः बॉस झाला. बॉसला मारायचं तर बाकीच्या फॅमिलींची परवानगी लागते, गोट्टीनं ती घेतलीच नव्हती. एप्रिल १९८६ मध्ये ब्रुकलिनमध्ये गाडीत बॉम्ब फुटला, त्यात गोट्टीचा नंबर दोन फ्रँक डेचिको मेला, गोट्टी त्या दिवशी तिथे येणार होता पण ऐनवेळी आला नाही म्हणून वाचला. त्यामागे लुकीज ही पाचांपैकीच एक फॅमिली आणि आपला बाथरोबवाला, हे पुढे कोर्टातून बाहेर आलं.

एक प्रसंग सॅमी ग्रावानोनं सांगितलाय, गोट्टीचाच उजवा हात, जो नंतर त्याच्याच विरुद्ध साक्षीदार झाला. १९८८ च्या सुमाराला सगळ्या बॉसची मीटिंग झाली, त्यात गोट्टी छाती फुगवून म्हणाला, माझ्या पोराला आम्ही फॅमिलीत रीतसर सामील करून घेतलं. जिगांटे म्हणाला, "अरेरे, ऐकून वाईट वाटलं." वेडा म्हणे! त्या खोलीत सगळ्यात शहाणं वाक्य त्याचंच होतं. गोट्टी स्वतःच्या क्लबवरच्या खोलीत मोकळेपणानं बोलत बसायचा, एफबीआयनं ते सगळं टेप केलं आणि १९९२ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

प्रश्न: मग जिगांटे शेवटी कशात सापडला? खुनात?

खिडक्यांत! हसू नका, खरंच खिडक्यांत.

न्यूयॉर्कची हाउसिंग अथॉरिटी म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी बिल्डिंगी सांभाळणारी संस्था. तिथे जुन्या खिडक्या काढून ऊर्जा वाचवणाऱ्या डबल काचांच्या खिडक्या बसवायच्या होत्या, पैसा केंद्र सरकारचा. १९७८ ते १९९० अशी बारा वर्षं चार फॅमिलींनी मिळून ती कंत्राटं आपसात वाटून घेतली. टेंडर कोणी किती रुपयांचं, सॉरी, डॉलरचं भरायचं ते आधीच ठरलेलं, खिडक्या बसवणाऱ्या कामगारांची युनियन त्यांच्या मुठीत, बाहेरच्या कंपनीनं टेंडर भरलंच तर युनियन तिला नाकी नऊ आणणार, आणि काम करायचंच असेल तर खिडकीमागे डॉलर-दोन डॉलर माफियाला. एका खिडकीला दोन डॉलर म्हणजे काहीच नाही हो, पण हजारो हजारो खिडक्या, कंत्राटं १५ कोटी डॉलरच्या घरातली, गुणाकार तुम्हीच करा. आणि ज्यांच्या घराच्या त्या खिडक्या, त्या गरीब भाडेकरूंना ह्यातलं काही माहीतच नाही. माफियाच्या गोष्टीत लोकांना गोळ्या आणि खून आठवतात, पण रोजचं पोट चालायचं ते असल्या कंत्राटांवर, सिमेंटवर, कचऱ्याच्या गाड्यांवर, बंदरावरच्या हमालीवर.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, तसंच झालं. खिडक्यांच्या धंद्यातला पीटर सॅव्हिनो नावाचा माणूस स्वतः खुनांच्या भानगडीत अडकला आणि सुटका म्हणून अंगावर छुपा मायक्रोफोन लावून सरकारसाठी फिरायला लागला. मे १९९० मध्ये धरपकड झाली. एफबीआय आईच्या फ्लॅटवर पोचली तेव्हा जिगांटे अर्थातच पायजमा-बाथरोबमध्ये.

आणि मग परत तेच, खटला चालवण्याच्या लायक आहे का नाही. बाकीच्यांचा खटला होऊन गेला, ह्याचं घोडं अडलेलंच. १९९३ मध्ये खुनाचे आणि खुनाच्या कटांचे आरोपही त्यात घातले. तोपर्यंत इतर फॅमिलींतले मोठे लोक सरकारी साक्षीदार झाले होते, ग्रावानो, लुकीज फॅमिलीचा अल डार्को, फिलाडेल्फियाचा फिल लिओनेटी. त्यांनी सांगितलं, हा आमच्याशी धंद्याचं बोलायचा आणि अगदी ठणठणीत डोक्यानं बोलायचा. एकीकडे डॉक्टर म्हणतात स्किझोफ्रेनिया आणि स्मृतिभ्रंश, दुसरीकडे खुनी लोक म्हणतात शहाणा आहे. १९९६ मध्ये जज युजीन निकरसननी खुनी लोकांवर विश्वास ठेवला.

१९९७ च्या उन्हाळ्यात खटला चालला, हा व्हीलचेअरवर, ओठ हलतायत. सॅव्हिनो तेव्हा कॅन्सरनं मरणाच्या दारात होता, त्यानं अज्ञात ठिकाणाहून टीव्हीवरून साक्ष दिली. २५ जुलैला निकाल लागला, खुनांतून सुटला, पण संघटित गुन्हेगारी आणि गोट्टी व सॅव्हिनोला मारायचा कट ह्यात दोषी. शिक्षा १२ वर्षं आणि साडेबारा लाख डॉलर दंड. वय ६९.

प्रश्न: मी मानसिक आजाराच्या पेशंटची काळजी घेते. असल्या गोष्टी गमतीनं सांगितल्या की खऱ्या पेशंटकडेही लोक संशयानं बघतात, हे तुमच्या लक्षात येतं का?

ताई, येतं, आणि तुमचा मुद्दा रास्त आहे. ह्या माणसानं केलेल्या नुकसानीत हेही धरायला पाहिजे. डॉक्टर मूर्ख होते असंही माझं म्हणणं नाही. डॉक्टरकडे एक्स-रे नसतो, समोरचा काय सांगतो, कसा वागतो आणि घरचे काय सांगतात ह्यावरच निदान असतं, आणि इथे पेशंट, घरचे, गल्ली, सगळेच तीस वर्षं एकाच सुरात सांगत होते. रोज नाटक करणाऱ्याला पकडायचं कसं? शेवटी पकडलं ते तपासणीनं नाहीच, त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी.

प्रश्न: त्यानं स्वतः कधी कबूल केलं का?

केलं. जेलमधून पण फॅमिली चालवतोच आहे असा आरोप ठेवून २००२ मध्ये नवीन केस झाली, त्यात मुलालाही आरोपी केलं होतं. जेलमधल्या टेपवर हा घरच्यांशी अगदी नीट बोलताना सापडला. ७ एप्रिल २००३, खटला सुरू व्हायचा दिवस, ब्रुकलिनच्या कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला, न्यायाच्या कामात अडथळा आणल्याचा, म्हणजे डॉक्टरांना इतकी वर्षं फसवल्याचा. जज प्रश्न विचारतायत आणि हा साध्या, समजेल अशा शब्दांत उत्तरं देतोय. तीन वर्षं शिक्षा वाढली. मुलावरचा बोजा हलका व्हावा म्हणून पाघळला असं बरेच लोक म्हणतात, असेलही, मला तर वाटतं पंच्याहत्तरीत माणूस दमतो.

प्रश्न: मेला कधी? आणि शेवटी बाथरोबमध्येच का?

१९ डिसेंबर २००५, वय ७७, हृदय आधीपासून कमजोर होतं. कपड्यांचं माहीत नाही, पण जागा सांगतो. मिसुरी राज्यात स्प्रिंगफील्डला केंद्र सरकारचं कैद्यांसाठीचं हॉस्पिटल आहे, तिथे गेला. ज्यानं त्याला धंद्यात आणलं तो व्हिटो जेनोवीज १९६९ मध्ये तिथेच मेला होता, त्याच्या नावावर १०० वर्षं भोगणारा डमी सालेर्नो १९९२ मध्ये तिथेच, आणि ज्याला मारायला बॉम्ब लावला तो गोट्टी २००२ मध्ये, तोही तिथेच.